घरचं कोण आहे?

एका बालगृहात दोन मुलं होती. थोरला आणि धाकटा, वयात दोन वर्षांचं अंतर. पंगतीत शेजारी बसायची आणि चटणीवरून भांडायची.

थोरल्याला 18 वर्षं पूर्ण झाली. अधीक्षकांनी पेढा दिला, कागदपत्रांची फाईल दिली. स्वयंपाकाच्या मावशींनी पोळ्या बांधून दिल्या.

गॅरेजात काम ठरलं होतं. हात चांगला होता त्याचा. खोली मात्र मिळेना. जो तो आधी डिपॉझिट विचारी आणि मग, "घरचं कोण आहे?" डिपॉझिट पगारातून कधीतरी साठलं असतं. दुसऱ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तो एसटी स्टँडवर झोपू लागला. फाईल उशाला घेई. पोलीस उठवीत, तो बाकडं बदली. एका पहाटे फाईल गेली. आधार कार्ड, दहावीची मार्कलिस्ट, सगळं त्यात होतं. गॅरेजात तो उभ्या उभ्या पेंगू लागला. मालक वाईट नव्हता. दोनदा बोलला, मग काढून टाकलं. पुढे थोरला पुलाखाली दिसू लागला.

धाकट्याची पाळी जवळ आली, तेव्हा मावशी अधीक्षकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, याला कुठे पाठवणार?"

2015 च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची सोय आहे, 21 व्या वर्षापर्यंत मुलाला आधार देता येतो, हे अधीक्षकांना ठाऊक होतं. थोरल्याच्या वेळी अर्ज राहून गेला होता. या वेळी त्यांनी तो स्वतः लिहिला. धाकटा अनुरक्षणगृहात राहिला, आयटीआय झाला. तिथून बाहेर पडून खोली बघायला निघाला, तेव्हा मावशी बरोबर गेल्या.

"घरचं कोण आहे?" घरमालकाने विचारलं.

"मी आहे की. भाडं थकलं तर मला सांगा."

संध्याकाळी किल्ली मिळाली.

पहिल्याच रविवारी धाकटा पुलाखाली गेला आणि थोरल्याला घेऊन आला. थोरला पोटभर जेवला, पण चार भिंतींत त्याला झोप येईना. तो पायरीवर जाऊन झोपला. हरवलेल्या कागदांसाठी खेटे सुरू झाले. काम धरायचा, सोडायचा. मधूनच नाहीसा व्हायचा आणि धाकटा शोधून आणायचा.

दोघांत डावंउजवं काही नव्हतं. हात तर थोरल्याचाच सरस. एकाला एक अर्ज आणि एका बाईचा शब्द वेळेवर मिळाला. दुसऱ्याला शेजार मिळाला तो पाच वर्षांनी, आणि तोवर एका संध्याकाळचं काम वर्षानुवर्षांचं होऊन बसलं होतं.

आता अधीक्षकांच्या टेबलावर त्या त्या वर्षी 18 पूर्ण करणाऱ्या मुलांची यादी असते. मावशींना वाचता येत नाही. म्हणून त्या दर महिन्याला साहेबांना ती मोठ्याने वाचायला लावतात, आणि प्रत्येक नावापाशी थांबवून विचारतात, "याचा अर्ज गेला का?"