क्रीडागृहात शिल्प कशाला?

बंदिस्त क्रीडागृहाचा आराखडा मांडला गेला, की एक प्रश्न हमखास निघतो. भिंतीवर शिल्प घडवायचे, त्याच पैशात खेळायला आणखी एक कोर्ट होणार नाही काय? प्रश्न रास्त आहे. पैसा जनतेचा असतो, आणि घाम गाळायला आलेल्या मुलाला आधी जागा हवी, मग शोभा. मला मात्र वाटते, की या प्रश्नात ‘शोभा’ हा शब्दच चुकीच्या जागी बसला आहे.

आपल्याकडची जुनी तालीम पाहा. तांबड्या मातीचा आखाडा, आणि कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. त्या मूर्तीला कोणी पैलवान सजावट म्हणणार नाही. मातीत उतरण्यापूर्वी तो तिला हात जोडतो. कुस्ती मारून आलेलाही जोडतो, चीत झालेलाही जोडतो. आखाडा माणसांत निवड करतो, मूर्ती करीत नाही.

आता दूरचे एक उदाहरण घेऊ. कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या रिचमंड शहरी, फ्रेझर नदीच्या काठी एक भव्य क्रीडागृह आहे. २००८ साली ते खुले झाले, २०१०च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तेथे स्केटिंगच्या शर्यती झाल्या, आणि पुढे ते नागरिकांच्या रोजच्या खेळाला मिळाले. त्याच्या काँक्रीटच्या टेकूंवर बगळे आणि साल्मन मासे उठवले आहेत. छपरावरचे पावसाचे पाणी त्यांच्याच पन्हळींतून खाली उतरते. आपल्या देवळांतले गोमुख आठवावे. पाणी वाहून नेणे हे त्याचे काम, आणि त्या कामातच कोरीव रूप. ही रेखाटने सुझन पॉइंट यांची. त्या मस्क्वीम लोकांपैकी. आणि गोरे लोक येण्यापूर्वी या नदीच्या मुखाशी वस्ती होती ती मस्क्वीमांची.

येथे प्रश्न अवघड होतो. ज्यांची भूमी गेली, त्यांच्या हातचा बगळा भिंतीवर उठवल्याने ते ऋण फिटते काय? मुळीच नाही. उलट, चित्र लावले म्हणजे देणे चुकते झाले, असे समजून घेणाऱ्याची झोप आणखी गाढ व्हायची. तरीही कोरी भिंत मला अधिक अप्रामाणिक वाटते. आमच्याआधी येथे कोणी नव्हतेच, असे ती सांगत असते. बगळा दिसला, तर निदान एखादे मूल विचारील, “हा कोणी काढला?” आणि वडिलांना उत्तर शोधावे लागेल.

कलेनेही खेळाचा धर्म ओळखावा. बॅडमिंटनच्या कोर्टामागे रंगीबेरंगी भित्तिचित्र आले, तर पांढरे फूल नजरेतून हरवते. तेथील भिंत गडद आणि साधीच हवी. हे कळायला चित्रकाराला पाया आखतानाच बोलवावे लागते. उद्घाटनाच्या आदल्या महिन्यात बोलावले, तर त्याच्या हाती शोभाच उरते.

म्हणून आपल्याकडे एखाद्या नगरपालिकेने असे गृह बांधायला काढले, तर मी दोन गोष्टी विचारीन. हे शिल्प काढून घेतले, तर इमारतीचे काय अडेल? आणि ही जागा पूर्वी कोळ्यांची होती, धनगरांच्या मेंढ्यांची होती, की गिरणीची, हे त्यातून कळेल काय? दोन्हींचे धड उत्तर मिळाले, तर एक कोर्ट कमी झाले तरी चालेल, असे मी म्हणेन. न मिळाले, तर ते पैसे मुलांच्या खेळालाच द्यावेत.