उपकरण की परिग्रह? हलक्या लॅपटॉपची निवड

फोटोंचे संपादन करायचे आणि रोजचे कामही उरकायचे, यासाठी एकच हलका लॅपटॉप घेताना दोन प्रश्न उभे राहतात. कोणते यंत्र चांगले, हा पहिला. त्याचे उत्तर दुकानदारही देतो. पुरेसे म्हणजे किती, हा दुसरा. त्यावर जैन आचारशास्त्राने फार बारकाईने विचार केला आहे.

सर्वस्व सोडलेल्या दिगंबर मुनीलाही मोरपिसांची पिंछी, कमंडलू आणि शास्त्रग्रंथ जवळ बाळगता येतात. पिंछीने सूक्ष्म जीव अलगद बाजूला सारायचे, कमंडलूतले पाणी शुद्धीसाठी, ग्रंथ अध्ययनासाठी. प्रत्येकीचे काम ठरलेले असल्यामुळे या वस्तू परिग्रह, म्हणजे आसक्तीने केलेला संचय, नव्हेत, उपकरणे ठरतात. उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्रही परिग्रहाचे मूळ वस्तूत न शोधता आसक्तीत शोधते. गृहस्थाला मात्र अणुव्रतांपैकी, म्हणजे गृहस्थासाठीच्या सौम्य व्रतांपैकी, पाचवे आहे: जमीन, धन, धान्य किती ठेवायचे याचे परिमाण त्याने स्वतःच आखून घ्यायचे. आकडा ज्याचा त्याचा, पण तो आधी ठरायला हवा. हर्बर्ट सायमन या अमेरिकी विचारवंताने १९५६ मध्ये जवळपास हीच गोष्ट वेगळ्या अंगाने मांडली. माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, अपेक्षेची एक पातळी धरतो आणि तिला उतरणारा पर्याय स्वीकारतो. सायमन माणूस कसा वागतो ते सांगतात. व्रत कसे वागावे ते सांगते.

लॅपटॉपचे परिमाण कामावरून आखता येते. फोटोंसाठी सर्वांत आधी पडदा पाहावा. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. अशा पडद्यावर एसआरजीबी या सर्वमान्य रंगपट्ट्यातले जेमतेम दोन तृतीयांश रंग उमटतात. लग्नातल्या हळदीचा फोटो त्यावर फिका दिसतो, संपादक रंग चढवतो आणि छापून आल्यावर नवरीचा चेहरा भडक पिवळा निघतो. म्हणून एसआरजीबी पूर्ण दाखवणारा पडदा ही चैन नव्हे. छपाईचे काम मोठे असेल तर त्याहून विस्तृत रंगपट्टा लागतो. फोटो फक्त फोनवर पाहिले जाणार असतील तर त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

खरी अडचण रॅमची. पातळ यंत्रांत ती बहुधा मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एकदा आखलेली मर्यादा यंत्राच्या आयुष्यभर चिकटते आणि ‘पुढे लागली तर?’ ही भीती खिसा रिकामा करते. येथे गरज आणि धास्ती वेगळी काढावी लागते. पुढच्या वर्षी जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यायचे ठरले असेल, तर ती नाव असलेली गरज आहे. तिची तरतूद म्हणजे संचय नव्हे. ज्या कामाचे नावही सांगता येत नाही, त्यासाठी घेतलेली रॅम मात्र परिग्रहातच जमा. २४ मेगापिक्सेलच्या रॉ फाइली आणि सोबत ब्राउझर उघडा ठेवणाऱ्यास आज १६ जीबी साधारणपणे पुरते. साठवणीचे तसे नाही. बाहेरची एसएसडी केव्हाही जोडता येते, त्यामुळे आतली साठवण माफक घेतली तरी चालते.

हलकेपणाचीही किंमत मोजावी लागते. पंखा नसलेले सव्वा किलोच्या आसपासचे यंत्र शांत असते, पण शेकडो फोटो एकदम एक्स्पोर्ट करताना तापते आणि वेग कमी करते. दररोज लोकलमधून ते वाहणाऱ्याला हा सौदा परवडतो. एका बैठकीत अख्ख्या लग्नाचे फोटो संपवणाऱ्याला नाही. वजन मोजताना चार्जरही तराजूत घालावा, हे बहुतेक जण विसरतात.

परिमाणाच्या हिशेबात जुने यंत्रही येते. चालू असेल तर त्यातली माहिती पूर्ण पुसून ते गरजूला देता येते. बंद पडले असेल तर त्याची जागा कपाटात नाही, भंगारवाल्याच्या पोत्यातही नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पोहोचले पाहिजे.