‘संगणकाने निवडले’ म्हणजे कोणी?

शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा विनाअनुदानित खाजगी शाळांतील प्रवेशवर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवतो. जागा थोड्या, अर्ज पुष्कळ, म्हणून सोडत. आमच्या मध्य प्रदेशात ही सोडत संगणकावर निघते. ज्याच्या मुलाचे नाव लागत नाही तो पालक विचारतो, माझ्याच मुलाचे का नाही? त्यास सांगण्यात येते, “संगणकाने निवडले.” आमचे सारे आयुष्य शासकीय सेवेत गेल्यामुळे अशा वाक्यांची घडण आम्हांस चांगली परिचित आहे. समोरच्याने पुढे काही विचारू नये, एवढ्याचसाठी ती असतात. परंतु प्रश्नाचे उत्तर त्यात असते काय?

सोडत ही मुळातच जबाबदारीची टाळाटाळ होय, असे मानणारे पुष्कळ आहेत. अधिकाऱ्याने विवेकाने निवडावे, दैवावर का सोडावे, असे ते विचारतात. जेथे पात्रतेत खरोखरच भेद आहे तेथे हा आक्षेप रास्त ठरेल. शल्यचिकित्सकाची नेमणूक चिठ्ठी टाकून करणे हा भ्याडपणाच होय. पण सहा वर्षांच्या मुलाची पात्रता मोजावयास निघणे हाच अन्याय आहे. कायद्याची व्याख्या येथे मोठी मार्मिक आहे. ‘रँडम’ पद्धतीखेरीज अन्य कोणत्याही रीतीने एका मुलास दुसऱ्याहून अधिक पसंती देणे म्हणजे छाननी, आणि छाननीस मनाई. मात्र ही रँडम पद्धत नेमकी कशी असावी हे कायदा सांगत नाही. ते ठरविण्याचे काम, कोणाच्या फारसे ध्यानात न येता, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे जाते.

त्याच्यापुढे असतो ‘अ‍ॅरे’, म्हणजे क्रमांक दिलेल्या कप्प्यांची रांग. एकेका कप्प्यात एकेका मुलाचे नाव. (पहिल्या कप्प्याचा क्रमांक बहुधा शून्य असतो, या मंडळींची ती रीतच आहे.) पायथनसारख्या भाषेत या रांगेतून कोणतेही एक नाव उचलावयास एका ओळीची आज्ञा पुरते. पण संगणकास स्वतःची लहर नसते. आत एक सूत्र असते आणि ते मागील स्थितीवरून पुढची संख्या काढीत जाते. पायथनमधील ‘मर्सेन ट्विस्टर’ हे सूत्र मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९७ मध्ये रचले. आरंभी त्यास एक संख्या द्यावी लागते, तिला ‘सीड’, म्हणजे बीज, असेच म्हणतात. तेच बीज, तीच यादी आणि तोच प्रोग्रॅम असेल तर हजार वेळा सोडत काढा, हजार वेळा तीच नावे निघतील.

श्वेताश्वतर उपनिषदात जगाच्या कारणाचा विचार आरंभताना नियती आणि यदृच्छा ही दोन नावे वेगवेगळी घेतली आहेत. संगणकाची ही निवड म्हणजे यदृच्छेचे वस्त्र पांघरलेली नियती होय. बीज पडले त्या क्षणी सर्व काही ठरून गेलेले असते; आपणांस ते ठाऊक नसते, इतकेच. मग ही फसवणूक म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. फासा तरी हाताच्या झोक्याप्रमाणेच पडतो. न्यायासाठी जग अनिश्चित असण्याची गरज नाही. निकाल लागण्यापूर्वीचे अज्ञान सर्वांचे सारखे असले म्हणजे पुरे. तेव्हा विचारावयाचे ते हे, की बीज कोणास ठाऊक होते?

अमेरिकेतील आयोवा येथे लॉटरी चालविणाऱ्या संघटनेच्या सुरक्षाप्रमुखानेच सोडतीच्या यंत्रात असा प्रोग्रॅम बसविला होता, की वर्षातील काही ठरावीक दिवशी निघणारे आकडे आधीच हेरता यावेत. २०१० साली घेतलेल्या एका तिकिटावरून शोध सुरू झाला आणि २०१७ मध्ये त्यास पंचवीस वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. तेथेही आकडे ‘संगणकानेच’ निवडले होते.

लबाडी नसतानाही अन्याय घडतो, आणि तो अधिक खोल असतो. समजा, तीन नावांची रांग पत्त्यांसारखी पिसावयाची आहे. नवशिका असे करतो: पहिल्या कप्प्यातील नाव तिहींपैकी कोणत्याही कप्प्याशी बदलावयाचे, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे, दर वेळी तिन्ही कप्पे खुले. दिसावयास किती निःपक्षपाती! पण वाटा झाल्या ३×३×३, म्हणजे २७, आणि तीन नावांचे क्रम आहेत ६. सत्तावीसास सहाने भाग जात नाही. प्रत्यक्षात तीन क्रमांच्या वाट्यास पाच-पाच वाटा येतात आणि उरलेल्या तिहींच्या वाट्यास चार-चार. योग्य रीत फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्येच कागद-पेन्सिलीसाठी सांगितली होती आणि १९६४ मध्ये डर्स्टनफेल्ड यांनी ती संगणकासाठी दिली. ज्या कप्प्याचे नाव ठरले त्यास पुन्हा हात लावावयाचा नाही; मग वाटा होतात ३×२×१, म्हणजे बरोबर सहा. दोन्ही प्रोग्रॅममध्ये जेमतेम एका ओळीचा फरक, आणि ज्या मुलाच्या बापास तो भोवतो त्याला ती ओळ कधी दिसत नाही.

याचा अर्थ कागदी चिठ्ठ्या आपोआप पवित्र ठरतात असे नव्हे. व्हिएतनाम युद्धासाठी १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेने ३६६ जन्मतारखांची सोडत काढली. डब्या महिन्यांच्या क्रमाने ओतल्या होत्या, नीट मिसळल्या नव्हत्या. परिणामी वर्षअखेरीस जन्मलेल्या तरुणांवर सरासरीने आधी पाळी आली.

तरीही चिठ्ठीपाशी एक गुण आहे. आपल्या निवडणुकांत मतदान यंत्रांची सरमिसळ संगणकावर, पक्षांच्या प्रतिनिधींसमक्ष होते. परंतु व्हीव्हीपॅटच्या कागदांची पडताळणी कोणत्या केंद्रांवर करावयाची, हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरते. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दर विधानसभा क्षेत्रामागे अशी पाच केंद्रे निवडली जातात. संगणक तेथेही असतोच. पण हरणाऱ्याच्या प्रतिनिधीस चिठ्ठी निघताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते, आणि पटावयाचे असते ते त्यालाच. जिंकणाऱ्यास कोणतीही पद्धत पटते.

या दोहोंची सांगड घालता येते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ मध्ये मतपत्रिकांच्या तपासणीसाठी नमुने निवडताना दहा बाजूंचे फासे लोकांसमक्ष टाकून वीस अंक मिळविले आणि तेच बीज म्हणून संगणकास दिले. आपल्याकडील सोडतींसही हे अवघड नाही. यादी क्रमांकांसह आधी भिंतीवर लावावी, प्रोग्रॅम खुला ठेवावा, फासे रांगेतल्या एखाद्या आईच्या हाती द्यावेत आणि पडलेले अंक फळ्यावर लिहावेत. ज्याच्या मुलाचे नाव लागले नाही त्याने ते अंक उतरून घ्यावेत, आळीतला कोणी इंजिनिअरिंगचा मुलगा गाठावा आणि रात्री घरी बसून तीच सोडत पुन्हा काढून पाहावी.