वार्ता पुढे देणाऱ्याचे दायित्व

सूत्राचा अर्थ लावताना प्रकरण पाहावे, हा आपल्या पंथातील अध्ययनाचा पहिला पाठ आहे. वचन कोणापुढे, कोणत्या निमित्ताने व कशाच्या उत्तरादाखल निघाले, हे जाणल्यावाचून त्याचे विवरण करू नये. म्हणून तर ‘प्रकरणवश’ हा स्वतंत्र ग्रंथप्रकार आपल्याकडे निर्माण झाला. हा नियम केवळ शास्त्रापुरता आहे, की नित्य कानी पडणाऱ्या लौकिक वार्तेसही तो लागू करावा, असा प्रश्न पूर्वी फारसा उद्भवत नसे. कारण बाजारातली वार्ता बहुधा बाजारातच विरून जाई. आज तसे राहिलेले नाही. वासनिकांच्या घरी, आश्रमांत, किंबहुना भिक्षुकाच्या झोळीतही आता भ्रमणध्वनी आहे, आणि त्यावर आलेली वार्ता बोटाच्या एका स्पर्शाने शेकडो जणांस पोहोचते. ज्याने खोटी वार्ता रचली त्याचा दोष उघड आहे. त्याविषयी वाद नाही. विचार करावयाचा तो दुसऱ्याचा. ज्याने ती रचली नाही, तिच्यात एक अक्षरही वाढविले नाही, केवळ आली तशी पुढे पाठविली, त्यास दोष लागतो काय? लागत असल्यास कितपत?

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक घडलेला प्रसंग घेतो. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तेथे आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याकडील, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच पुरुष त्या दिवशी तेथे आले होते. भिक्षा हीच त्यांची परंपरागत उपजीविका. मुले पळविणारी टोळी हिंडत आहे, अशा वार्ता व चित्रफिती त्याआधीच व्हॉट्सॲपवरून त्या परिसरात फिरत होत्या. त्यांच्यापैकी कोणी एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले आणि पाचही जण गतप्राण झाले. टोळी म्हणून काही नव्हतेच. त्या वर्षी देशाच्या इतर भागांतही याच वार्तेने निरपराध माणसांचे बळी घेतले.

राईनपाड्यात ज्यांनी हात उचलला त्यांचा न्याय न्यायासनाने करावयाचा. परंतु त्यांच्या हातामागे आणखी कितीतरी हात होते, जे त्या गावी कधी गेलेही नव्हते.

त्या काळी सर्वत्र फिरलेल्या एका चित्रफितीची कथा सूत्राभ्यासकाने अवश्य ध्यानी घ्यावी अशी आहे. तीत मोटारसायकलवरून आलेली दोन माणसे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलास उचलून नेताना दिसतात. वस्तुतः ती कराचीतील एका बालसंरक्षण संस्थेने पालकांस सावध करण्यासाठी केलेली फीत होती. मूळ फितीच्या अखेरीस तीच माणसे मुलाला परत आणून सोडतात आणि मूल पळविण्यास किती अल्प अवधी पुरतो, अशा आशयाचा फलक दाखवितात. कोणीतरी हा अखेरचा भाग कापला. नवे काहीच घातले नाही. शेवट तेवढा काढला. पोथीचे शेवटचे पान फाडावे आणि पूर्वपक्षालाच सिद्धांत म्हणून मिरवावे, त्यातलाच हा प्रकार. हितासाठी केलेली वस्तू प्रकरण तुटताच घातक झाली.

आता आक्षेप असा येतो की, पुढे पाठविणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. शेजाऱ्याची मुले सुरक्षित राहावीत, एवढीच त्याची इच्छा होती. हा आक्षेप हलका समजू नये. त्या मातापित्यांचे भय खरे होते. परंतु शुद्ध हेतू हे प्रमाण नव्हे. नैयायिकांनी शब्दास प्रमाण मानले ते आप्ताच्या शब्दास, आणि भाष्यकार वात्स्यायनांनी आप्त कोण हे सांगताना जात किंवा प्रतिष्ठा पाहिली नाही. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ असो. आपल्या पुढे पाठविणाऱ्यापाशी सांगण्याची इच्छा आहे, सद्भावही आहे. जाणणे मात्र नाही. तरीही ऐकणारा विश्वास ठेवतो तो मूळ रचणाऱ्यावर नव्हे, तो तर कोणास ठाऊकही नसतो. विश्वास असतो तो आपल्या मामावर, शाळेतल्या गुरुजींवर, आश्रमातल्या महंतांवर. म्हणजे खोट्या वार्तेस पत मिळते ती पुढे पाठविणाऱ्याच्या चारित्र्याची. तो नुसता वाहक नव्हे. न पाहिलेल्या वस्तूचा तो साक्षी होऊन बसतो.

हिंसेचे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली असे तीन भेद पतंजलींनी सांगितले आहेत. या तिन्हींचा भार सारखा आहे असे मी म्हणत नाही. अजाणता पुढे पाठविणारा आणि काठी मारणारा यांस एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण भार कमी असणे वेगळे आणि मुळीच नसणे वेगळे. आणि त्या यंत्रावरील अंगठ्याची खूण म्हणजे तरी काय? अनुमोदनच की!

या संदर्भात म्हाइंभटांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे सान्निध्य ज्यांना लाभले होते, त्यांच्यापाशी जाऊन, ज्याने पाहिले त्याच्याच मुखातून ऐकून त्यांनी लीळा संकलित केल्या, आणि नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली त्यांचा निर्णय झाला. पुढे परचक्रात मूळ प्रत गेली, पाठ स्मरणावरून पुन्हा सिद्ध करावे लागले, तेव्हा स्मरणे एकमेकांशी जुळेनात. त्या वेळी घासूनपुसून एकच पाठ करणे सोपे होते. पूर्वजांनी तसे केले नाही. हिराइसेचा पाठ कोणता, परशरामबासांचा कोणता, हे भेद राखले आणि ‘वासना’ म्हणून नोंदले. ईश्वराच्या लीळेविषयी जे इतके सावध होते, त्यांचे वंशज म्हणविणाऱ्यांनी परगावच्या अनोळखी माणसाविषयी असावध असावे, हे विपरीत होय.

राईनपाड्यानंतर बाहेरून काही बंधने आली. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही असे केले. जानेवारी २०१९ मध्ये तोच नियम जगभर लागू झाला. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असा निर्बंध घातला, आणि असे संदेश सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. यावरून एक दिसते की, नुसता विलंब घडविला तरी मनुष्य काही अंशी विवेकाने वागतो. शासनाने २०२१ च्या नियमांत निराळा मार्ग घेतला: मागणी होताच संदेशाचा प्रथम प्रवर्तक कंपनीने दाखवावा. संदेशांचे गुप्तलेखन मोडेल म्हणून कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

गुप्ततेवर सरसकट आघात करणे आपणांस तरी शोभणार नाही. आपल्या पोथ्या शतकानुशतके सकळ लिपीत राहिल्या आणि त्यामुळेच पुष्कळ वाङ्मय वाचले. पण तिची दुसरी बाजूही आपणच भोगली. बाहेरच्यांना वाचता येईना, तेव्हा त्यांनी ऐकीव गोष्टींवर भागविले. आणि ‘मानभावी’ हा शब्द आज मराठी कोशांत दांभिक, वरून गोड अशा अर्थाने बसला आहे. त्याचा प्रथम प्रवर्तक कोण, हे कोणते न्यायालय शोधील? आणि शोधून तरी काय साधेल? तो शब्द एकाने उच्चारला असेल, पण पिढ्यान्‌पिढ्या जगविला तो ज्यांनी सहज बोलण्यात पुढे दिला त्यांनी. त्यांच्यापैकी एकासही आपण निंदा करीत आहोत असे वाटले नसेल.

यापुढचा काळ अधिक कठीण आहे. कराचीच्या फितीस निदान कोणी तरी चित्रित करावे लागले होते आणि कोणी तरी कापावे लागले होते. आता कृत्रिम बुद्धीची यंत्रे न घडलेला प्रसंग चित्ररूपाने उभा करतात, आणि थोडासा आवाज मिळाला की त्या माणसाने कधीही न उच्चारलेले वाक्य त्याच्याच स्वरात बोलवितात. उद्या एखाद्या महंतांच्या आवाजात भलतेच निरूपण फिरू लागले तर नवल नाही. आजवर लोक चित्रफितीस प्रत्यक्ष समजत आले. डोळ्यांनी पाहिले, मग शंका कसली? परंतु ते कधीच प्रत्यक्ष नव्हते. ते चित्राच्या रूपाने आलेला शब्दच होते, आणि शब्दाचे प्रामाण्य सांगणाऱ्यावर अवलंबून असते. या यंत्रांनी सत्य नष्ट होईल असे भय पुष्कळांस वाटते. माझ्या मते, पाहिले म्हणजे कळले, हा आळस तेवढा आता परवडणार नाही. कोण सांगतो आणि त्याने ते कोठून जाणले, हे पुन्हा विचारावे लागेल. जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकच्या चालकांनी अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून तथ्ये तपासून घेण्याची व्यवस्था बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा हे विचारण्याचे काम दुसरा कोणी आपल्यासाठी करील, या आशेवर राहण्यात अर्थ नाही.

अटन, विजन, भिक्षा व भोजन हा ज्यांचा आचार, त्यांना या प्रश्नाची झळ इतरांहून आधी लागते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवेच्या वातावरणात मारले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात लवंगा गावी चार साधूंस मुले पळविणारे समजून मारहाण झाली; त्यांनी वाट विचारली होती. अनोळखी दारी उभे राहून अन्न मागणे हा ज्यांचा धर्म आहे, त्यांचा जीव दारामागच्या माणसाने सकाळी काय वाचले यावर टांगलेला आहे.

मग सारेच पुढे पाठविणे टाकावे काय? तसेही म्हणता येत नाही. नदीचे पाणी पुलावर आले, डोंगराची माती सरकू लागली, हे कळूनही जो गप्प बसेल त्याचा दोष अफवा पसरविणाऱ्याहून लहान नाही. पण तशी वार्ता देणारा पुलाचे नाव सांगतो, आपण केव्हा पाहिले ते सांगतो, आणि उलट विचारल्यास उत्तर देतो. मुले पळविणाऱ्या टोळीच्या वार्तेत कोणत्या गावचे मूल गेले, हे नव्हते. आणि ज्या यंत्रावर ती आली, त्याच यंत्राने पिंपळनेरच्या पोलीस ठाण्यास तेवढे विचारता आले असते.