गुरू थांबले होते

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
गुरुवारचं चिंतन



गेल्या महिन्यात आपल्या परिवारातल्या एका मुलानं ग्रुपवर पदवीचा निकाल टाकला. घरच्यांनी गाणगापूरला जाऊन निर्गुण पादुकांपुढे पेढे ठेवले. आपण सगळ्यांनी हात जोडून 'महाराजांची कृपा' असं लिहिलं. ते खरंच आहे.

नंतर त्याच्या आईंशी आमचं फोनवर बोलणं झालं. पहिल्या वर्षी हा मुलगा पुस्तकं बांधून घरी परत आला होता. घरात मराठी, गल्लीत कानडी आणि वर्गात सगळं इंग्रजी. त्याला काही उमजेना. तेव्हा कॉलेजातले एक सर तास संपल्यावर त्याला घेऊन बसू लागले. एकेक पान आधी कानडीत सांगायचं, मग इंग्रजीत वाचून घ्यायचं. असं जवळजवळ वर्षभर चाललं. आम्ही सहज विचारलं, "सरांना पेढे दिले का?" त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "नाही हो. पोरगा म्हणतो, आपले गुरू एकच. सर तर पगार घेतात."

त्या मुलाला बोल लावायला आमची जीभ वळली नाही. कारण हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोललो आहोत. म्हणून आज थोडं कडगंचीकडे जाऊ.

आळंद तालुक्यातलं हे गाव आपल्याला सायंदेवांमुळे माहीत आहे. श्रीगुरुचरित्रातला तेरावा-चौदावा अध्याय आठवा. गोदावरीकाठी वासरब्रह्मेश्वरी सायंदेवांनी श्रीनृसिंहसरस्वतींना भिक्षेला घरी नेलं. पोटशूळानं त्रासलेला ब्राह्मणही त्याच पंगतीत जेवून बरा झाला. मग सायंदेवांनी आपली चिंता सांगितली. ज्याची चाकरी, त्या मालकाचं बोलावणं आलं होतं, आणि तिथून जिवंत परत येण्याची आशा नव्हती. महाराजांनी अभय दिलं. हे आपण दर पारायणात वाचतो. पण त्यापुढची गोष्ट वाचताना आपण थांबतो का? महाराज म्हणाले, तू निर्धास्त जा, तू परत येईपर्यंत आम्ही इथेच आहोत.

गुरू एका भक्तासाठी थांबले. तीर्थयात्रेला निघालेले संन्यासी ते, त्यांना कुणी अडवलेलं नव्हतं. तरी एका घाबरलेल्या माणसासाठी आपला वेळ बाजूला काढून ते थांबले. सायंदेव मानाची वस्त्रं घेऊन परत आले, तेव्हा महाराज तिथेच होते. कृपा म्हणजे चमत्कार असं आपण धरून बसतो. कृपेचं अगदी साधं रूप म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी थांबणं.

आता त्या सरांकडे पाहा. पगार तासाचा मिळतो. तास संपल्यावर रिकाम्या वर्गात एका पोरासाठी बसलं, त्याचा पगार कुठल्याच कागदावर नसतो.

राहिला प्रश्न 'गुरू एकच' याचा. त्याचं उत्तर गुरुचरित्रातच आहे. नामधारकाची निष्ठा श्रीनृसिंहसरस्वतींवर. पण त्याच्या शंका कोण फेडतं? सिद्धमुनी. नामधारक विचारत जातो, सिद्ध न कंटाळता सांगत जातात, असे पन्नासहून जास्त अध्याय. आणि नामधारक वारंवार सिद्धांच्या पाया पडतो, 'तुमच्यामुळे मला कळलं' असं मानतो. त्यामुळे त्याची सद्गुरूंवरची निष्ठा कमी झाली नाही. उलट सिद्धांनी वेळ दिला म्हणूनच तो सद्गुरूंपर्यंत पोचला.

ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे सायंदेवांच्याच वंशातले, पाचव्या पिढीतले. सायंदेव, नागनाथ, देवराव, गंगाधर आणि सरस्वती. एका पूर्वजासाठी गुरू थांबले, ते त्या घरानं पाच पिढ्या विसरलं नाही. सायंदेवांची कानडी स्तुतीही मराठी ग्रंथात जपून ठेवली. गुरुचरित्र म्हणजे एका घराण्यानं मानलेले आभार आहेत, असं आम्हाला वाटतं.

जगातली मोठी माणसंही हे विसरली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढे 1930 मध्ये त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांनी लिहिलं, की आयुष्यातले आपले उत्तम मित्र म्हणजे तिथले काही सहाध्यायी आणि प्राध्यापक. ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन अशी प्राध्यापकांची नावं घेऊन लिहिलं. नाव घेऊन आभार मानले, हे लक्षात घ्या.

आज त्याच कडगंचीत कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ उभं आहे. त्याची स्थापना 2009 ची. दत्तदर्शनाला जाणारे आणि वर्गाला जाणारे एकाच रस्त्यानं जातात. आळंद, बसवकल्याण, भालकीकडची किती लेकरं अशीच तीन भाषांच्या पेचात शिकत असतील. त्यांच्यासाठी थांबणारं कुणी असेल तर ती महाराजांचीच सेवा.

तेव्हा येत्या गुरुवारपर्यंत प्रत्येकानं दोन गोष्टी कराव्यात.

एक, तुमच्यासाठी थांबलेल्या एका शिक्षकाला फोन करा, जमलं तर घरी जाऊन भेटा. गुरुपौर्णिमेचा फॉरवर्ड पाठवून भागवू नका. 'सर, तुम्ही अमुक दिवशी अमुक शिकवलंत, म्हणून मी इथवर आलो,' असं नेमकं सांगा. सर हयात नसतील तर त्यांच्या घरच्यांना सांगा. आमच्यातल्या काहींना हे उशिरा सुचलं, आणि ती रुखरुख जात नाही.

दोन, आठवड्यातला एक तास शेजारच्या एखाद्या अडलेल्या मुलासाठी ठेवा. सरांचं ऋण पेढ्यांनी फिटत नाही, ते असं पुढे देऊनच थोडं हलकं होतं.

जाता जाता सांगतो, परवा त्या आईंचा फोन आला होता. मायलेक पेढे घेऊन सरांकडे जाऊन आले. सर म्हणाले म्हणे, "पेढे राहू दे. यंदा पहिल्या वर्षाला तुझ्यासारखाच एक आलाय, त्याला तू शिकवशील का?" पोरगं हो म्हणालं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥