शिष्याविषयी मत बनविणे

मनुष्याच्या मतांचे दोन वर्ग पाडता येतील. काही मते अशी असतात की, ती खरी असोत वा खोटी असोत, ज्या वस्तूविषयी ती बनविलेली असतात तिला त्यांची वार्ताही नसते. यंदा मृगाचा पाऊस पडणार नाही असे कोणी शंभर वेळा म्हटले, तरी ढगास ते ऐकू जात नाही. पडावयाचा असला तर तो पडतोच. परंतु ‘हा मुलगा गणितात कच्चा आहे’ हे मत त्या जातीचे नव्हे. ते ज्याच्याविषयी आहे त्यास कान आहेत. आणि कोणी ते उघड बोलून दाखविले नाही तरी गुरुजींनी प्रश्न कोणास विचारला व कोणास वगळला, उत्तरासाठी ते कोणापाशी किती वेळ थांबले, ह्यावरून ते त्यास कळतेच. असले मत आपल्या विषयाचे वर्णन करता करता त्यास घडवीतही असते. मग शिक्षकाचे शिष्याविषयीचे मत ज्ञानाच्या प्रांतातले समजावयाचे की कर्माच्या? ज्ञान समजले, तर ते खरे की खोटे एवढेच पाहणे प्राप्त होते. कर्म समजले, तर ते योग्य की अयोग्य हाही प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याचा जाब द्यावा लागतो. घरोघरचे आईबापही दिवसातून चार वेळा असली मते उच्चारीत असल्यामुळे, हा प्रश्न केवळ शाळामास्तरांचा आहे असे वाचकांनी मानू नये.

ह्या प्रश्नास प्रयोगाची कसोटी लावण्याचा एक प्रसिद्ध यत्न अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल व लिओनोर जेकबसन ह्यांनी केला; त्यांचा ग्रंथ १९६८ साली बाहेर पडला. एका प्राथमिक शाळेतील मुलांची बुद्धिमापन चाचणी घेऊन, सुमारे एक-पंचमांश मुलांची नावे ‘ही मुले यंदा विशेष प्रगती करतील’ असे सांगून शिक्षकांच्या हाती देण्यात आली. वस्तुतः ती नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षअखेर पुन्हा चाचणी घेता, निदान पहिल्या दोन इयत्तांत, त्या मुलांची वाढ इतरांहून अधिक दिसली. ह्या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली. मोठ्या इयत्तांत तो परिणाम दिसला नाही, मापनाची साधने सदोष होती, असे आक्षेप आले. आणि पुढील अनेक वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेता, शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम सर्वसाधारणतः अल्पच असतो, असे २००५ साली ली जसिम व केंट हार्बर ह्या अभ्यासकांनी दाखविले. परंतु त्यांनीच एक अपवादही नोंदविला आहे: ज्या मुलांच्या वर्गास वा जातीस समाजाने आधीच हीन लेखले आहे, त्यांच्यावर हा परिणाम मोठा होऊ शकतो. म्हणजे सुखवस्तू घरचा मुलगा गुरुजींचे प्रतिकूल मत पचवू शकतो, कारण त्याच्याविषयी अनुकूल मत बाळगणारी दहा माणसे त्याच्याभोवती असतात. ज्याच्यापाशी तशी शिदोरी नाही, त्यास ते मत बाधते.

ह्याची साक्ष आपल्याच देशात मिळाली आहे. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे ह्यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांस कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. मुलांच्या जाती उच्चारल्या नाहीत तेव्हा ‘उच्च’ व ‘नीच’ म्हटलेल्या जातींच्या मुलांत म्हणण्यासारखा भेद आढळला नाही. मात्र सर्वांसमक्ष प्रत्येकाची जात पुकारताच दलित मुलांची कामगिरी खालावली. हा निष्कर्ष २००४ सालचा आहे. कोडी तीच आणि मुलेही त्याच गुणांची. मध्ये पडले ते एक पुकारलेले नाव.

हे घडते कसे, ह्याची मीमांसा अल्बर्ट बँडुरा ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडली. ‘अमुक एक काम मला साधेल’ ह्या प्रतीतीस आपण स्वसामर्थ्यप्रतीती म्हणू. हा अहंकार नव्हे, सामान्य आत्मगौरवही नव्हे. ही प्रतीती एका निश्चित कामापुरती असते, आणि ती जितकी दृढ तितका मनुष्य अडचणीत अधिक काळ टिकाव धरतो. बँडुरांच्या मते तिचे उगम चार: स्वतः मिळविलेले यश, आपल्यासारख्याच दुसऱ्यास यश आलेले पाहणे, इतरांचे उत्तेजन, आणि त्या वेळची शरीराची व मनाची अवस्था. ह्यांत पहिला उगम सर्वांत बलवान. नुसत्या शब्दांनी दिलेला धीर फार काळ टिकत नाही. प्रत्यक्ष अपयशाचा एक धक्का बसला की तो कोसळतो.

आता हे चार उगम आमच्या बीड जिल्ह्यातील एका मुलीस लावून पाहू. आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर ह्या बालाघाटाच्या टापूतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत परतणे नाही. नवराबायकोच्या जोडीस त्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात. माणसास त्याच्या हत्याराचेच नाव. त्यांच्यासंगे मुले जातात व उसाच्या फडालगत कोपीत राहतात. जूनमध्ये शाळेत बसलेली मुलगी कार्तिकात निघते ती गाळप संपल्यावर उन्हाळ्यात परतते. वर्ग तोवर पुष्कळ पुढे गेलेला असतो. तेव्हा पहिला उगम आटला, कारण फळ्यावरचे उदाहरण तिला सुटत नाही. दुसराही आटला, कारण तिच्या तांड्यावरची शिकून पुढे गेलेली मुलगी तिने क्वचितच पाहिलेली असते. तिसऱ्याच्या ठिकाणी ‘तुम्हाला शिकून काय करावयाचे, शेवटी कोयताच ना?’ हे वाक्य असते. चौथा म्हणजे शरीर. ते पहाटेपासून राबलेले असते. आणि हीच मुलगी फडावर असता धाकट्या भावंडास सांभाळते, भाकरी थापते, वाढ्याच्या पेंढ्या मोजते, विकलेल्या वाढ्याचा हिशेब ध्यानात ठेवते. तिचे हे गणित शाळेच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून गुरुजींच्या लेखी ते नाहीच.

येथे कोणी आक्षेप घेईल की, शिक्षकाने खोटे बोलावे काय? पाच महिने न शिकलेली मुले मागे पडतात हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. श्रद्धा काही हुकुमाने येत नाही; मनास जे पटत नाही ते मानण्याचे सोंग तो कसे करील? आक्षेप रास्त आहे. ह्याच प्रश्नावर पश्चिमेत एक नामांकित वाद झाला. पुरेसा पुरावा नसता काहीही मानणे हा नैतिक अपराध होय, असे डब्ल्यू. के. क्लिफर्ड ह्यांनी १८७७ साली प्रतिपादिले. त्यास विल्यम जेम्स ह्यांनी १८९६ साली उत्तर दिले की, काही गोष्टी आधी मानल्याखेरीज घडतच नाहीत. तेथे पुराव्याची वाट पाहणे म्हणजे ती गोष्ट घडू न देणे होय. आजवर आशावादी शिक्षकास जेम्सच्या पक्षात व सावध शिक्षकास क्लिफर्डच्या पक्षात बसविण्याची रीत आहे. पण क्लिफर्डचा नियम दोन्ही बाजूंस सारखाच लावून पाहावा. ‘ही मुलगी यशस्वी होईल’ ह्यास पुरावा नाही, हे खरे. पण ‘हिला जमणार नाही’ ह्यास तरी तो कोठे आहे? ऊसतोडीस जाणारी मुले सरासरीने मागे पडतात हे विधान समूहाविषयी आहे. ह्या एका मुलीस तिच्या पायरीचे काम देऊन पाहिल्याशिवाय तिच्याविषयी त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. निराशेस आपण वास्तवतेचा मान देतो आणि आशेकडून मात्र दाखला मागतो, हा न्याय नव्हे. प्रतिकूल मतदेखील एक श्रद्धाच आहे. ती पांढऱ्या केसांची असते म्हणून तिला कोणी हटकत नाही, इतकेच.

तेव्हा शिक्षकावर येणारे कर्तव्य ‘सर्व मुले हुशार आहेत’ असे मानण्याचे नाही. खोटी स्तुती मुले तत्काळ ओळखतात. सोपे उदाहरण सोडविल्याबद्दल फार वाहवा झाली की ‘आपल्याकडून एवढीच अपेक्षा आहे’ हे त्यांस कळते. कर्तव्य आहे ते परीक्षेचे. आणि परीक्षा म्हणजे येथे गुणपत्रक नव्हे, संधी. पाचवीत बसलेल्या मुलीस दुसरीचे वाचन येत असेल, तर तिला दुसरीच्या पायरीवर उभे करून तेथून चढवावे. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ ह्या संस्थेने हीच पद्धत पुढे आणली: मुलांचे गट इयत्तेने वा वयाने न पाडता, त्यांस काय येते ह्यावरून पाडावयाचे. ह्या पद्धतीची वारंवार चाचणी झाली असून, जेथे ती मन लावून चालविली तेथे मुले वाचावयास शिकली. तिचे मर्म हेच की, तीत मुलाच्या वाट्यास रोज एक खरे यश येते. शिक्षकाने आपला विश्वास तोंडाने सांगण्याऐवजी कामाच्या रूपाने मुलापुढे ठेवावा. मग तो खोटा ठरण्याचे भय उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सारे मनाच्या प्रतीतीवर ढकलले, तर उचल, अवर्षण व मुकादमी ह्यांचा भार त्या पोरीच्या माथी मारल्यासारखे होणार नाही काय? होईल, आणि म्हणूनच प्रतीतीची गोष्ट एकटीने सांगू नये. आईबाप फडावर गेले असता मुले गावीच राहावीत व शिकावीत, म्हणून हंगामी वसतिगृहे चालविली जातात. २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना घोषित केली. ह्या गोष्टींची जागा कोणत्याही गोड शब्दास घेता येणार नाही. परंतु ‘परिस्थिती’ हा शब्द दोन प्रकारे वापरला जातो. एकदा तो कारण सांगतो, आणि एकदा सबब. गिब्सन व डेंबो ह्या संशोधकांनी १९८४ साली शिक्षकांच्या दोन श्रद्धा वेगळ्या करून दाखविल्या: शिक्षणाने घरच्या परिस्थितीवर मात करता येते ही एक, आणि ती मात मला करता येते ही दुसरी. दुसरी ज्याची ढळली, त्याच्या तोंडी परिस्थिती सबब होऊन बसते. न्यायाने हेही म्हटले पाहिजे की, दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळावयाच्या आणि वर निवडणुकीची व गणनेची कामे करावयाची, अशा शाळेत ही श्रद्धा आपोआप टिकत नाही. वरिष्ठ ज्याच्याकडून फक्त तक्ते मागतात, त्या शिक्षकाने मुलाकडून मोठ्या गोष्टीची अपेक्षा कोठून करावी? शिष्याविषयी मत बनविणारा गुरू स्वतःही कोणाच्या तरी मताचा विषय असतो.

पुराव्याआधी संधी देण्याचे धैर्य आमच्या भागात पूर्वी कोणी दाखविलेच नाही, असे नाही. निजामी राजवटीत उच्च शिक्षण उर्दूतून होते. ती राजवट १९४८ साली संपली तेव्हा मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ नव्हते. ते १९५८ साली आले. त्याच्याही आधी, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते अशा मुलांसाठी महाविद्यालय काढावे, ह्यास त्या वेळी कोणता दाखला होता? दाखला मागून आला. महाविद्यालय आधी उभे राहिले. ते आधी उभे राहिले नसते, तर ‘ह्या मुलांस उच्च शिक्षण झेपत नाही’ हे मत आजही निर्बाध चालू राहिले असते, आणि कोणास ते खोटेही वाटले नसते.

म्हणून आमचा निर्णय असा की, शिष्याविषयीचे मत हे कर्म आहे. त्यास ज्ञानाची प्रामाणिकता हवीच. पण ते बनविण्याचा अधिकार, संधी देऊन पाहण्याचे श्रम केल्यावरच प्राप्त होतो. हे श्रम होईपर्यंत गुरुजींस, आणि घरी आईबापांस, मुलाविषयी एकच वाक्य प्रामाणिकपणे उच्चारता येईल: आम्ही अद्याप पाहिलेले नाही. एप्रिलात फडावरून परतलेली मुलगी वर्गाच्या दारात उभी राहील, तेव्हा तिला एवढे जरी ऐकावयास मिळाले तरी आज मिळते त्याहून ते पुष्कळ आहे; आणि ते वाक्य मनापासून उच्चारणारा शिक्षक दुसऱ्याच दिवशी तिच्यापुढे काही तरी काम ठेवल्यावाचून राहणार नाही.