तारण झाले, तरी वाट पाहायची कशाची?



घरभेटीला गेलो की काही जण विचारतात, “फादर, प्रभूने आपले तारण केले, असे आपण म्हणतो. मग आजारपण, कर्ज, घरातली भांडणे का संपत नाहीत?” प्रश्न रास्त आहे. ‘स्वर्गात सगळे ठीक होईल’ एवढे सांगून तो सुटत नाही.

संत पौल तारणाविषयी तिन्ही काळांत बोलतो. इफिसकरांस तो सांगतो, कृपेने तुमचे तारण झाले आहे (२:८). करिंथकरांस लिहिताना आपले तारण होत आहे, असे म्हणतो (१ करिंथ १:१८). रोमकरांस तो सांगतो की, ते पूर्वीपेक्षा जवळ येत आहे (१३:११). म्हणजे ते पूर्णपणे अजून यायचे आहे.

रावेर-यावलकडची केळीबाग आठवा. घड निसवला म्हणजे फळ आले, हे खरेच. पण कापणीला अजून तीन-चार महिने लागतात. शेतकरी ‘फळ आले’ म्हणून पाणी बंद करत नाही आणि ‘हातात काही नाही’ म्हणून बागही सोडत नाही. वादळवाऱ्याच्या भीतीने तो झाडाला टेकू देतो.

आपण मात्र दोन्ही चुका करतो. कोणी म्हणतो, “बाप्तिस्मा झाला, आता काय राहिले?” कोणी म्हणतो, “इथे काही बदलणार नाही, वर गेल्यावर पाहू.” मग दारू सुटत नाही, मुलीचे शिक्षण थांबते, बांधावरून तुटलेले भाऊ तुटलेलेच राहतात.

वादळ बाग आडवी करू शकते. आपली आशा मात्र उठलेल्या ख्रिस्तावर उभी आहे; पौल त्यालाच प्रथमफळ म्हणतो (१ करिंथ १५:२०). पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आशेवर ‘स्पे साल्वी’ हे परिपत्रक लिहिले. उद्याची आशा माणसाचे आजचे जगणे बदलते, हाच त्याचा गाभा आहे.

म्हणून या आठवड्यात आजारी किंवा कर्जाने खचलेल्या एका तरी शेजाऱ्याच्या घरी जा. उपदेश करू नका. जवळ बसा, विचारपूस करा, जमेल ती मदत करा. निसवलेल्या झाडाला टेकू लागतो, तसा माणसालाही लागतो. ज्यांना स्वतःलाच आधार हवा आहे, त्यांनी संकोच न करता सांगावे. चर्चचे दार उघडे आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशेत दृढ करो.

आपला,
धर्मगुरू